पिठावरचं पाणी

माझे वडील मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी शाळेतून घरी आले, पुढच्या खोलीत खाटेवर बसले, पाणी मागितलं आणि वारले. मी तांब्या घेऊन आले तेव्हा ते नव्हते.

असे अनुभव इथे लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की आपला अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा अजूनही नाही. मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. भूत, करणी, अंगात येणं यांतलं काहीही मी मानलं नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मानायला लागावं अशीही माझी इच्छा नाही. एक गोष्ट घडली. मी ती पाहिली. मला तिचं कारण सापडलेलं नाही. एवढंच मी सांगणार आहे, आणि सावकाश सांगणार आहे.

गाव जैनथ. आदिलाबादहून पैनगंगेकडे जाताना लागतं. नदीपलीकडे महाराष्ट्र. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो, आणि हे या गोष्टीत महत्त्वाचं आहे — कारण आंध्र प्रदेशाला समुद्र होता. नकाशात एका टोकाला लांबच लांब निळा किनारा आणि बरोबर उलट्या कोपऱ्यात आम्ही, कापूस आणि ज्वारीच्या मुलखात.

बाबा ड्रॉइंग मास्तर होते. सगळं गाव त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचं. त्यांना समुद्र पाहायचा होता. कारण एक चित्र.

कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकाचं एक रंगीत पान त्यांना आदिलाबादच्या रद्दीवाल्याकडे मिळालं होतं. बंदरात विसावलेली जहाजं. पहाटेचं धुकं, गुंडाळलेली शिडं, उंच डोलकाठ्या. पान जहाजांच्या तळाशीच फाटलेलं — खालचा भाग गेलेला, चित्रकाराचं नावही त्यातच गेलं असावं. जवळून पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. राखाडी, जांभळे फटकारे आणि कुठे तरी नारिंगीचा एक ठिपका. पण पान भिंतीला टोचून दारात जाऊन उभं राहिलं की धुक्यातून एकेक जहाज पुढे यायचं.

बाबांनी मांजरपाटाचा मोठा तुकडा आणला, लाकडी चौकटीवर ताणला आणि ते चित्र मोठं करून काढायला घेतलं. त्यांचा ब्रश घरचाच — शिंदीच्या काडीचं टोक ठेचून चपटं केलेलं. ते डावखुरे होते. फटकारा उजवीकडून सुरू करून डावीकडे न्यायचे आणि शेवटी हात उचलून घ्यायचे, त्यामुळे त्यांची प्रत्येक रेघ उजव्या टोकाला जाड आणि डाव्या टोकाला विरत गेलेली असे. वर्गातल्या पोरांना ते नेहमी एकच गोष्ट सांगत. “वस्तू काढू नका रे. वस्तूवर पडलेला उजेड काढा.”

जहाजं पूर्ण झाली. चित्र पुढच्या खोलीत खाटेच्या वर टांगलं. आलेल्या माणसाला बाबा आधी उंबऱ्यावरच थांबवत, “इथून पाहा,” म्हणत. आमच्या गावात जहाज कुणी पाहिलेलं? शेजारचे किसनमामा कापसाची बंडी हाकायचे. त्यांनी उंबऱ्यावरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “सर, एवढ्या बंड्या उलाल करून काऊन ठेवल्या? आन् बैल कुठं गेले?”

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या मार्केट यार्डात गेलेल्या माणसाला हे पटेल. पहाटेच्या धुक्यात बैल सोडलेल्या बंड्या मागे कललेल्या असतात, दांड्या आभाळाकडे, कापसावर पांढरी पालं ओढलेली, मध्ये चुलींचा धूर… बंदरच ते.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, “बैल पाणी प्याले गेले किसनभाऊ.”

पण पाणी चित्रात नव्हतंच. जहाजांखाली कापड कोरं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “जहाजं पानावर होती, ती काढली. पाणी पानावर नाही. न पाहता काढलं तर हाताला येईल ते पैनगंगेचंच. समुद्र पाहून येऊ, मग काढू.” उन्हाळ्याच्या सुटीत विशाखापट्टणमला जायचं ठरलं होतं — बाबा, मी, धाकटा भाऊ मिलिंद आणि आत्या. चार जन्मांत जिने आदिलाबादच्या पुढे पाऊल टाकलं नसतं, तिने नवं लुगडंही काढून ठेवलं होतं.

मग तो मंगळवार आला.

आत्याबद्दल सांगायला हवं. आमची आई आम्ही लहान असतानाच गेली. आत्या बाबांची मोठी बहीण, तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून आमच्याकडे. आधी तिने बाबांना वाढवलं — दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून शिकवलं — आणि नंतर आम्हाला. बाबा वारल्यावर ती रडली नाही. तिने जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे जाहीर करून नाही. ताट समोर आलं की सरकवायची, “मले भूक नाई” म्हणायची. कोरा चहा तेवढा घ्यायची. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, तरी तेच. गालफडं बसली. मोरीपर्यंत जाताना भिंत धरायला लागली. आदिलाबादहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, आजार काही नाही, पण असं चाललं तर म्हातारी हातची जाईल.

मी एका संध्याकाळी तिच्याजवळ बसले. “आत्या, तुला नेमकं काय होतंय?”

“मले काई होऊन नाई राह्यलं. त्याले होऊन राह्यलं.”

“कुणाला?”

“तुह्या बापाले. हातातलं काम टाकून गेला माय तो. असा माणूस सुटते का? अडकून राह्यते.” मग म्हणाली, “तिसऱ्या दिवशी पीठ पाह्यतेत. तुमी पाहू देलं नाई. शिकले ना तुमी!”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्या भागात जुनी रीत आहे. माणूस जिथे गेला त्या जागी पीठ पसरतात, वर टोपलं झाकतात, खोली बंद करतात. सकाळी पिठावर पाऊल पाहतात. गाईचं, पाखराचं, मुंगीचं. त्यावरून म्हाताऱ्या बायका सांगतात, गेलेला कुठे गेला. आमच्या घरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर हे सगळं बंद झालं होतं. बाबा या बाबतीत फार कडक. तिसऱ्या दिवशी आत्याने पीठ काढलं तेव्हा मीच ते डब्यात परत ओतलं होतं. बाबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

मिलिंद दारात उभा राहून ऐकत होता. तो वीज खात्यात नोकरीला, देवधर्म माझ्याहूनही कमी. म्हणाला, “ताई, थोडंसं पीठच तं आहे. पाहू दे ना तिले. जेवली तं बस.” आणि आत्याला म्हणाला, “पण बाबा कोंबडी होऊन आले तं काय करशीन?”

“तं अंडे तुले खाऊ घालीन, मुडद्या,” आत्या म्हणाली. तेवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मी हो म्हटलं. पण माझ्या अटीवर — सगळं माझ्या हाताने होईल. माझा हिशेब सरळ होता. सकाळी पीठ जसंच्या तसं असेल. ते आत्याला दाखवीन आणि म्हणेन, बघ, कुणी अडकलेलं नाही, आता जेव.

खाटेसमोरची जागा मीच झाडली. आत्याने ट्रंकेतून मांजरपाटाचा उरलेला तुकडा काढून दिला, चित्रासाठी आणलेल्यातलाच, स्वच्छ धुतलेला. तो खाली अंथरला. ज्वारीचं पीठ मी चाळून त्यावर पसरलं आणि बाबांच्या लाकडी पट्टीने सपाट केलं. कापसाचं मोठं डालं त्यावर उपडं घातलं. खिडकी आतून लावली. भिंतीच्या बुडाला एक घूस पूर्वी यायची, ते बीळ विटेने बंद होतं — ते तपासलं. बाहेर पडून दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. आत्या माझ्या शेजारी मधल्या खोलीत झोपली. मिलिंद अंगणात.

उजाडल्यावर मी कुलूप काढलं. खिडकी उघडली, उजेड आत आला. डालं उचललं.

पीठ सपाट नव्हतं.

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. पाऊल नव्हतं, नख नव्हतं, शेपटी ओढल्याची खूण नव्हती. नुसत्या खाचा. आखूड, आडव्या, चपट्या, एकीला एक लागून, पण एकीला एक न चिकटता. सगळ्या कापडभर. मधूनच काही उभ्या रेघा, त्याही सरळ नाहीत… नागमोडी, जागोजागी तुटलेल्या. मी खरंच वैतागले. घूसच असणार, असं वाटलं. विटेकडे पाहिलं. वीट जागेवर होती.

मिलिंद माझ्या खांद्यावरून वाकला. “झुरळं नाचले वाटते रात्रभर,” म्हणाला.

आत्या आत आली नव्हती. ती उंबऱ्यावर भिंत धरून उभी होती. तिथूनच म्हणाली, “इकडं या दोघं. तिथून काय दिसते? इथून पाहा.”

बाबांचे शब्द तिने मुद्दाम उचलले असं मला वाटत नाही. त्या खोलीतली चित्रं उंबऱ्यावरून पाहायची असतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

आम्ही उंबऱ्यावर जाऊन उभे राहिलो.

भिंतीवर जहाजं होती. त्यांच्याखाली चित्रातली कोरी पट्टी, मग खाट, आणि तिच्यासमोर जमिनीवर — पाणी. मी शब्द शोधत नाही, जे दिसलं ते लिहिते आहे. खिडकीतून तिरका उजेड येत होता. प्रत्येक खाचेची एक कड उजळलेली, दुसरी सावलीत. ते सगळं हलतंय असं वाटत होतं. त्या उभ्या तुटक रेघा म्हणजे पाण्यातल्या डोलकाठ्या होत्या.

मग मी परत आत गेले, एकेक खाच पाहिली. उजव्या टोकाला खोल. डावीकडे विरत गेलेली. प्रत्येक.

मी उजव्या हाताने लिहिते. मिलिंद उजवाच. आत्याला लिहिता येत नव्हतं, पण विळा उजव्या हातात धरायची.

“पाऊल नाई,” आत्या म्हणाली. आवाज अगदी रोजचा. “पाणी आहे. पोहोचला तो. काम करून गेला.” आणि भिंत सोडून खाली बसली. “मले चहा दे थोडासा. गूळ टाक.”

मी मिलिंदला म्हटलं, असाच्या असा आदिलाबादला जा, स्टुडिओवाल्याला कॅमेऱ्यासकट घेऊन ये. तो पहिल्या बसने गेला. मी दार ओढून घेतलं आणि शेजारच्या एका विद्यार्थिनीच्या हाती शाळेत रजेचा निरोप पाठवावा म्हणून गल्लीत गेले. दोन शब्द बोलण्यात जो वेळ जातो तेवढाच गेला.

परत आले तर चूल पेटलेली. आत्या परातीत पीठ मळत होती.

“आत्या! हे कुठलं पीठ?”

“घरात दुसरं कुठं आहे? दळण आणलंच नाई कोणं.”

“ते पीठ ठेवायचं होतं! मिलिंद फोटोवाल्याला आणायला गेलाय ना!”

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की वेडी मीच. “ज्वारीचं पीठ काय फेकून देतेत? आन् फोटो कायचा काढतं? पाह्यलं ना आपण तिघायनं.” मग तळहातावर भाकर थापत म्हणाली, “मले भूक लागली माय.”

जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात राबून पीठ मिळवलं, तिच्या लेखी पीठ ही ठेवायची वस्तू नव्हतीच. तिने ठेचा वाटला, भाकर कुस्करली आणि सावकाश, पोटभर जेवली. मला एक चतकोर दिला. लोक मला विचारतात, ती भाकर खारट होती का. नाही. ज्वारीच्या भाकरीसारखीच होती.

मिलिंद दुपारी फोटोवाल्याला घेऊन आला. त्याने आत्याचा एक फोटो काढला आणि गेला. तो फोटो चांगला आला आहे.

त्यानंतर मी माझं काम केलं. तीच खोली, तेच कापड, तेच डालं, ज्वारीचं पीठ — पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं. पीठ कधी तसंच राहिलं, कधी मुंग्यांच्या ओळी उमटल्या, आणि वीट काढली तेव्हा घूस आली, तिची पावलं उमटली. घुशीची पावलं घुशीसारखीच असतात. डाल्याची वीण पिठाला लागली असेल? लागत नाही, मध्ये वीतभर अंतर राहतं. आत्या झोपेत उठली असेल? किल्ली माझ्याजवळ होती. मग मीच? हा प्रश्न मी टाळलेला नाही. मी झोपेत कधी चाललेली नाही, पण समजा चालले — डाव्या हाताने बाबांचा फटकारा मला जागेपणीही जमत नाही. मी करून पाहिलं आहे.

तरीही मी इथे लिहायला बसले नसते. एखाद्या सकाळी शोकात असलेल्या तीन माणसांना पिठात पाणी दिसलं, असं म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण पुढच्या वर्षी सुटीत आम्ही तिघं विशाखापट्टणमला गेलो. बसने हैदराबाद, तिथून रेल्वे. आत्या तेच नवं लुगडं नेसली.

सकाळी मासेमारीच्या बंदरावर गेलो. पहिल्यांदा माझी निराशाच झाली. शिडं नव्हती, धुकं नव्हतं. निळ्या-हिरव्या रंगाच्या मोठ्या नावा, त्यांवर तेलुगूत नावं, दोऱ्या, कावळे. आत्याने नाकाला पदर लावला. “वास किती मारून राह्यला! हे पाह्याले आणलं का मले एवढ्या दूर?”

“आत्या, ते पाहा जहाजं,” मिलिंद म्हणाला.

“बंड्याच तं आहे,” आत्या म्हणाली. “बैल सोडलेल्या.”

मग मी खाली पाहिलं. नावांच्या पोटाशी, धक्क्यालगत, सूर्य अजून वर यायचा होता तेव्हाचं पाणी.

बाबांची नदीची चित्रं माझ्याकडे आहेत. पैनगंगा त्यांनी पुष्कळदा काढली. तिच्यात फटकारे लांब आहेत, ओढल्यासारखे, कारण नदीचं पाणी एका दिशेने जातं. मला वाटत होतं पाणी सगळीकडे तसंच असतं. मी तेव्हापर्यंत नदीशिवाय दुसरं मोठं पाणी पाहिलंच नव्हतं. बंदरातलं पाणी कुठे जात नाही. भिंतीला लागून परत येतं, जागच्या जागी हलतं. त्याच्यावरचा उजेड आखूड असतो. आडवा, चपटा, एकाला एक लागून, पण न चिकटता. आणि मधून डोलकाठ्यांची प्रतिबिंबं, नागमोडी, जागोजागी तुटलेली.

हात बाबांचा होता. पाणी मात्र असं, जे बाबांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या फाटक्या पानावरही नव्हतं.

आत्याने माझ्या हाताला धरलं, पाण्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, “हे तं आपण पाह्यलं.”

“कुठे?”

“घरी. भाकर नाई का खाल्ली त्याची?”

तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. नावेतून मासे उतरवणाऱ्या बायका बघण्यात ती रमली. दुपारी खाणावळीत भात दोनदा मागून घेतला आणि तेलुगू वाढप्याला हिंदीत सांगितलं की आंबट फार आहे. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. गेली ती म्हातारपणाने, जेवून, दुपारची झोपली असताना. तिच्या वेळी आम्ही पीठ पसरलं नाही. तिनेच सांगून ठेवलं होतं, “माह्यावालं पीठ नका पाहू. माहं काई राह्यलं नाई.”

मी हे विज्ञानाच्या सहकाऱ्यांना सांगितलं आहे. भन्तेजींनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, जे पाहिलं ते पाहिलं म्हणा, त्यापुढचं जोडू नका. ते मला पटलं. म्हणून मी काही जोडत नाही. एका ड्रॉइंग शिक्षकाने ती कोरी पट्टी रंगवून देतो म्हणून पुष्कळ आग्रह केला. चांगला माणूस, हातही चांगला. मी नको म्हटलं.

मिलिंद निवृत्त होऊन आदिलाबादला राहतो. आमचं राज्य आता वेगळं आहे, त्याला समुद्र नाही. चित्र माझ्याकडे पुढच्या खोलीत आहे. त्यात जहाजं आहेत. जहाजांखाली कापड कोरं आहे.